मखमली मुंगी: एक जीव, दोन नावं

मृग लागला की माण-खटावच्या माळावर लालभडक मखमलीचे ठिपके चालायला लागतात. ते मृगाचे किडे. आठ पायांचे, कोळ्यांच्या गोतातले. त्याच मातीत कधी तांबड्या पाठीची, काळ्या पोटावर पांढरे ठिपके असलेली एक केसाळ ‘मुंगी’ घाईघाईने धावताना दिसते. हिला पाय सहा, पण ही मुंगीही नव्हे. मुंगीच्या कमरेवर उभी गाठ असते, ती यांच्यात बहुतेकींना नसते. ही बिनपंखी गांधीलमाशी आहे, म्युटिलिडी कुळातली मादी. जमिनीत घरं करणाऱ्या माश्यांच्या बिळात शिरून ती त्यांच्या खाणं संपवून वाढ पुरी झालेल्या, कोषाच्या वाटेवरच्या किंवा कोषातल्या पिलांवर अंडी घालते. हिचा डंख फार झोंबतो, तेव्हा चिमटीत धरू नये.

या कुळाच्या ओळखीतला घोळ जुना आहे. १७५८ साली जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने ‘म्युटिला’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘म्युटिलस’ म्हणजे अंग तुटलेला. नाव पडलं ते पंख नसलेल्या मादीला शोभणारं, पण नराला मात्र पंख असतात. रंग वेगळा, अंगकाठी वेगळी. त्यामुळे एकाच जातीचे नर आणि मादी कित्येकदा दोन निरनिराळ्या जाती म्हणून नोंदले गेले. १८९७ साली बिंगहॅमने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गांधीलमाश्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाही इथल्या बहुतेक जाती ‘म्युटिला’ या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जीनसमध्ये) कोंबलेल्या होत्या. पुढे कीटकशास्त्रज्ञ ब्रदर्सने १९७५ मध्ये शरीररचनेच्या आधारे कुळाची नवी मांडणी केली. लेलेय यांची आशियाच्या या भागातल्या जातींची सूची २००५ मध्ये आली, आणि जुनी नावं नव्या प्रजातींत गेली. नर-मादीची जोडी जुळवण्याचं काम अजून चालूच आहे. खात्रीचा पुरावा म्हणजे संग करताना सापडलेली जोडी, किंवा आता डीएनए.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते रंगाचं. तांबडी पाठ आणि पांढरे ठिपके हा पेहराव अनेक जातींनी मिळून घेतलेला आहे. डंखाची धास्ती एकीची पक्ष्या-सरड्यांना बसली की फायदा सगळ्यांनाच होतो. म्हणून ठिपके मोजून जात ठरवणं फसवं आहे. पाहायचं ते छातीच्या कवचाचा आकार, डोळ्यांची ठेवण, पोटाच्या शेवटच्या खंडावरची चकती, आणि बहुतेक जातींत पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या कडेला असणारी लवेची बारीक रेघ. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या वाटेवर घाईत काढलेल्या फोटोत यातलं काहीच येत नाही, येते फक्त पाठ. बाजूने, जमिनीच्या पातळीवरून घेतलेला एक फोटो निदान ती रेघ तरी दाखवतो.