गोधडीच्या पोटातलं कापड

दीडशे वर्षांपूर्वीची गोधडी महाराष्ट्रात शोधायला गेलं तर सहसा सापडत नाही. झिजलेली गोधडी कुणी फेकत नसे. तिला खालून नवं अस्तर आणि वरून नवं लुगडं लावलं, की ती पुढच्या गोधडीच्या पोटात जाई. त्यामुळे जुनी गोधडी उसवली तर वरच्या लुगड्याखाली जाडंभरडं धोतर, त्याखाली विरलेला परकर आणि अगदी आत ओळखूही न येणारं कापड निघतं. घरात कोणतं कापड येत होतं आणि ते किती दिवस वापरावं लागत होतं, हे त्या थरांवरून कळतं.

गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ आणि लेप यांत पुष्कळदा गल्लत होते. लेपात पिंजलेला कापूस असतो, त्याला पिंजारी लागतो आणि कापूस एका बाजूला जमू नये म्हणून लांब लांब टाके पुरतात. गोधडी-वाकळेत कापडावर कापड असतं. तिथे टाका नुसता थर धरून ठेवत नाही. विरलेल्या कापडाला जोर त्याच्यामुळेच येतो, म्हणून टाके दाट लागतात.

गोधडीचं माप ठरलं ते लुगड्यावरून. नऊवारी म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांहून थोडी जास्त लांबी मिळते, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरून उरेल इतकी, आणि चार थर आपोआप तयार होतात. रुंदी मात्र सव्वा मीटरच्या आतबाहेर, एकाला पांघरायला अपुरी. म्हणून एकट्याच्या गोधडीला दीड लुगडं आणि दोघांच्या गोधडीला काठाला काठ जोडून दोन लुगडी, हा हिशेब बसला. काठाचं विणकाम घट्ट असतं, त्यामुळे तो शक्यतो कडेला घेतात. गोधडी आधी विरते ती कडेलाच, हनुवटीशी आणि पायाशी.

हातमागाचं लुगडं महाग होतं, तोवर गोधडीत येणारं कापड पार झिजून आलेलं असे. मुंबईत कावसजी दावर यांच्या गिरणीत १८५६ साली उत्पादन सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत गिरणीचं स्वस्त कापड गावोगाव पोचलं. इचलकरंजीत १९०४ मध्ये यंत्रमाग आला. कापड वाढलं तशी गोधडीही बदलली. थर वाढले, वरचं कापड अंगाने धड असू लागलं, ठिगळांची गरज कमी झाली. मग दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, सरकारने १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आणलं आणि जुन्या धडुत्याला पुन्हा किंमत आली.

शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा, सुगी उरकल्यावर आणि पाऊस सुरू होण्याआधी. जमीन सपाट आणि झाडलेली हवी. आधी अस्तर ताणून अंथरतात आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. पोटातले तुकडे कडेला कड भिडवून मांडायचे, एकावर एक चढवायचे नाहीत. चढवले तर तिथे वळ उठतो, झोपल्यावर टोचतो आणि नेमका तोच भाग आधी फाटतो. वरचं लुगडं पसरून मधून कडेकडे तळहाताने सारखं करायचं आणि वीतभर अंतराने कच्चे टाके घालायचे. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बरेच जण टाळतात आणि पुढे पस्तावतात.

मग कडा बोटभर आत दुमडून धावदोरा सुरू होतो. एक पद्धत आडव्या सरळ रेघांची. दुसरी कडेकडून फेर घेत घेत मध्यावर येण्याची. फेराच्या पद्धतीत शिवणारी गोधडीवरच बसते, तिच्या वजनाने थर सरकत नाहीत. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घेऊन दोरा ओढायचा. दोरा दोन हातांपेक्षा लांब घेतला तर गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. दीड मीटर बाय २.१ मीटरच्या गोधडीवर दोन सेंटिमीटर अंतराने ओळी घेतल्या तर सुमारे १५७ मीटर शिवण होते. हाताने शिवलेल्या गोधडीची मजुरी जास्त का, याचं उत्तर या आकड्यात आहे.

फेराच्या पद्धतीतला नेहमीचा घोटाळा म्हणजे मध्यावर येणारा फुगा. प्रत्येक टाक्यागणिक वरचं कापड थोडं थोडं आत ढकललं जातं, कच्चे टाके नसले की ते सगळं मधोमध साचतं. तिथे चुणी घालून दाबली तरी ती दिसतेच. दुसरा घोटाळा कोऱ्या कापडाचा. जुनं कापड धुऊन धुऊन आटलेलं असतं, कोरं पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी आखडते. म्हणून कोरं अस्तर आधी भिजवून खळ काढायची. नवं कापड गडद लाल किंवा काळं असेल तर रंग जातो का, तेही तेव्हाच बघून घ्यायचं. सहा-सात थरांच्या वर गेलं तर सुई अडते. शिवाय अशी गोधडी धुतल्यावर एका उन्हात वाळत नाही आणि आतून कुबट वास धरते. घटस्थापनेच्या आधी नदीवर गोधड्या धुवायची रीत आहे. भिजलेली जाड गोधडी एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकं धरून पिळतात.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी बायका याच कुळातली कवंदी शिवतात. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज या समाजात आहेत. अनेकजण तिथून निसटून या जंगलात आले. त्यांची बोली कोकणी वळणाची आहे आणि शिवण कोपऱ्यातून सुरू होऊन फेर घेत आत जाते. वरचा भाग लहानमोठ्या तुकड्यांनी भरतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुलं’ लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते.

खरा मोठा बदल झाला तो नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांनी. १९७० नंतर त्या स्वस्त झाल्या, टिकाऊ म्हणून घरोघरी आल्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या आणि गिरणीच्या सुती लुगड्यांचा एक मोठा झरा आटला. सिंथेटिक साडी फाटत नाही, म्हणजे गोधडीला ती द्यायची वेळच लवकर येत नाही. आणि दिली तर थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही, थंडीत अंगाला गार लागते. दिसायला झकपक, पांघरायला नकोशी. तडजोड म्हणून अशी साडी फक्त वर घेतात, पोटात आणि अंगाकडच्या बाजूला सुती ठेवतात. कच्चे टाके दुप्पट घातले तरच हे जमतं.

हल्ली यंत्रावर शिवलेल्या गोधड्याही पुष्कळ मिळतात. नव्या कापडाला ती शिवण चालते. विरलेल्या सुती लुगड्यावर मात्र यंत्राचा बारीक, घट्ट टाका एका ओळीत भोकं पाडत जातो आणि कापड त्याच ओळीवर फाटतं. हाताचा टाका थोडा सैल बसतो, कापड ओढलं गेलं तरी दोरा सरकून घेतो. म्हणून जुनी लुगडी शिवायला द्यायची असतील तर हातशिलाईच सांगावी, आणि यंत्रावरच करायची झाली तर टाका लांब, ताण सैल आणि ओळी तीन बोटं अंतराने ठेवायला सांगाव्यात.