टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचे ऑनलाइन रूपांतर

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळाचे नियम, जग आणि पात्ररचना घेऊन, अनेकांना एकाच वेळी इंटरनेटवर खेळता येईल असा व्हिडिओ गेम तयार करणे, याला हे नाव आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४, गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन) हा या कुळातला पहिला प्रकाशित खेळ. त्याची रूपांतरे इतक्या निरनिराळ्या पद्धतींनी झाली आहेत की प्रस्तुत नोंदीतली बहुतेक उदाहरणे तिथलीच आहेत.

मूळ खेळात एक जण डंजन मास्टर असतो, म्हणजे सूत्रधारही तोच आणि पंचही तोच. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. बहुतेक कृतींचा निकाल वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात पात्राचे गुण मिळवून आणि बेरीज ठरलेल्या आकड्याशी ताडून लावतात. एवढे गणित संगणक चुटकीसरशी करतो. अडते ते सूत्रधाराच्या विवेकापाशी आणि वेळेपाशी. ‘मी दोरी कापून झुंबर राक्षसाच्या डोक्यात पाडतो’ असे कोणी म्हटले, तर सूत्रधार जागच्या जागी एक आकडा ठरवून मोकळा होतो. सर्व्हरला ते झुंबर तुटण्याजोगे आहे हे आधी कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते.

इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी सुरू केलेला मजकुरावर चालणारा ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळण्याच्या आभासी जगांचा पूर्वज. कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा ‘डिकूमड’ (१९९१) डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या वळणाचे वर्ग (योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार), पातळ्या आणि हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकते तो आकडा) घेऊन आला. त्याच वर्षी अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर ‘नेव्हरविंटर नाइट्स’ हा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा परवानाधारक, चित्रांसह चालणारा खेळ सुरू झाला. सुरुवातीला त्यात एका वेळी ५० जणच मावत, पुढे ही मर्यादा ५०० वर गेली. १९९७ मध्ये तो बंद झाला.

वेळेचे गणित आधी मांडावे लागते. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (२०००) लढाईची एक फेरी म्हणजे खेळातले सहा सेकंद. टेबलावर हे सहा सेकंद पाच-दहा मिनिटे चालतात आणि कोणाची तक्रार नसते, कारण मधल्या वेळात चहा होतो, गप्पा होतात. पडद्यासमोर एकट्या बसलेल्या माणसाचे तसे नसते. चार खेळाडू प्रत्येकी एक मिनिट विचार करतात आणि सहा शत्रू प्रत्येकी दहा सेकंद घेतात असे धरले, तर एक फेरी पाच मिनिटांची आणि पाच फेऱ्यांची चकमक पंचवीस मिनिटांची होते. हीच चकमक सलग वेळेत, म्हणजे कोणाच्या पाळीची वाट न पाहता चालवली, तर तीस सेकंदांत संपते. या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभे राहायचे, यावर बाकीचे बरेच निर्णय अवलंबून असतात.

‘बाल्डर्स गेट’ने (१९९८) मधला मार्ग घेतला. त्या वेळच्या नियमांत फेरी एका मिनिटाची होती, ती सहा सेकंदांवर आणून आत फेऱ्या आणि वर सलग चालणारी लढाई, हवी तेव्हा थांबवण्याची सोय. एकट्याला ही सोय वरदान वाटते. सहा जण खेळत असताना एकाने थांबवले की सगळ्यांचेच थांबते. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) पाळीपाळीने खेळतात. त्यात आधी कोण हे ठरवायला वीस बाजूंऐवजी चार बाजूंचा फासा आहे. आकडे जवळ पडतात आणि लागोपाठ पाळी आलेले साथीदार एकत्र चाल करू शकतात, त्यामुळे वाट पाहणे कमी होते. दिसायला किरकोळ, पण रूपांतर म्हणजे काय हे सांगणारा हा बदल आहे.

सलग लढाईचा पूर्ण स्वीकार केला तो टर्बाइन कंपनीच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ने (२००६). तलवारीच्या प्रत्येक घावाला फासा पडतो आणि आकडा पडद्यावर दिसतो. पण घावांचा वेग मूळ खेळाच्या कितीतरी पट असल्याने शत्रूंचे हिट पॉइंट फुगवावे लागतात. ऑनलाइन खेळ वर्षानुवर्षे चालतो, म्हणजे दर हंगामात आधीपेक्षा भारी तलवार द्यावी लागते. फाशाचा पल्ला मात्र १ ते २० एवढाच. घाव बसायला गाठायचा आकडा समोरच्याच्या चिलखतावरून ठरतो. फाशात मिळवायचे बोनस चाळीसच्या पुढे गेले की फासा नावापुरता उरतो: चिलखतात थोडे कमी पडलेल्यावर प्रत्येक घाव बसतो, आघाडीवर असलेल्यावर वीस पडल्याशिवाय बसतच नाही. या खेळात २०१२ मध्ये संरक्षणाचे सूत्रच बदलावे लागले.

फाशाची दुसरी अडचण संख्येची. एक पडला की मृत्यू, असा नियम टेबलावर थरार आणतो. शक्यता पाच टक्के. ऑनलाइन खेळात एका संध्याकाळी असे वीस प्रसंग आले, तर एकदा तरी मरण्याची शक्यता ६४ टक्के होते. लागोपाठ अपयश आले की खेळाडू फासा खोटा आहे असे म्हणतात, आणि ते कधीकधी खरेही असते. आठ बिटांच्या (० ते २५५) यादृच्छिक संख्येला वीसने भागून बाकीत एक मिळवला, तर २५६ ला वीसने पूर्ण भाग जात नसल्याने १ ते १६ हे आकडे प्रत्येकी १३ वाटांनी येतात, १७ ते २० मात्र १२ वाटांनी. नेमके चांगले आकडेच कमी! २४० किंवा त्याहून मोठी संख्या आल्यास ती टाकून पुन्हा काढणे, हा उपाय. फासा नेहमी सर्व्हरवरच टाकावा. खेळाडूच्या संगणकावर टाकला की फसवणुकीला दार उघडते. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये अपयशाच्या किंवा यशाच्या रांगा तोडणारा, बंद करता येणारा पर्याय आहे. त्याचे नाव ‘कार्मिक डाइस’. कर्माचा हिशेब असा सोयीने बंद करता आला असता तर! अशी दुरुस्ती शत्रूंच्या फाशांनाही लावली, तर भारी चिलखतवाल्याचे नुकसान होते, कारण त्याचा सारा भरवसा शत्रूच्या चुकण्यावर असतो.

विश्रांतीचा नियम वरवर साधा दिसतो: आठ तास झोपा, मंत्र परत मिळवा. पण शेकडो खेळाडूंच्या जगात आठ तास पुढे ढकलता येत नाहीत, आणि विश्रांती फुकट ठेवली तर दर चकमकीनंतर सगळे झोपतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ने मोहिमेच्या वाटेवर ठरावीक जागी विश्रांतिस्थाने ठेवली आणि दिवसाच्या मोजक्या मंत्रांऐवजी मंत्रगुणांचा साठा दिला, प्रत्येक मंत्राला त्यातले काही गुण खर्च होतात. ‘बाल्डर्स गेट ३’ नेहमीच्या काठिण्यपातळीवर पूर्ण विश्रांतीला शिध्याचे ४० एकक मागतो.

शत्रूच्या चालीत मध्येच टाकायच्या प्रतिक्रियाही अशाच गुंतागुंतीच्या. टेबलावर ‘थांब!’ ओरडले की झाले. नेटवर्कवर प्रत्येक वेळी खिडकी उघडून विचारले, तर एकाच्या उत्तरासाठी सगळे खोळंबतात. म्हणून काही प्रतिक्रिया आधीच ‘आपोआप’वर ठेवण्याची सोय देतात आणि बाकीच्यांना वेळेची मर्यादा घालतात. मर्यादा लॅगचा (नेटवर्कवर संदेश पोचायला लागणाऱ्या उशिराचा) विचार न करता ठेवली, तर दूरच्या देशातल्या खेळाडूची संधी प्रश्न दिसण्याआधीच जाते.

सूत्रधाराची जागा भरण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न बायोवेअरच्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’चा (२००२, नाव जुन्या खेळाचेच, खेळ वेगळा). त्यात जग बांधण्याचे साधन आणि सूत्रधारासाठी स्वतंत्र प्रोग्राम होता. खेळ चालू असताना सूत्रधार राक्षस उभे करी, कोणत्याही पात्राच्या तोंडून बोले, बक्षिसे देई. खेळाडूंनी त्यावर वर्षानुवर्षे चालणारी जगे उभारली. मात्र माणूस सूत्रधार ठेवला की त्याची तयारी, त्याचा पक्षपात आणि त्याची झोप हेही खेळात येतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’मध्ये सूत्रधाराचा फक्त ध्वनिमुद्रित आवाज उरला. काही मोहिमांत तो खुद्द गायगॅक्स यांचा आहे.

परवान्याची बाजू नियमांइतकीच खोलवर पोचते. अमेरिकी कायद्यात खेळाच्या यंत्रणेवर कॉपीराइट नसतो, ती मांडणाऱ्या मजकुरावर असतो. पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे. त्यात पात्रांच्या प्रत्येक वर्गाचा एकच उपवर्ग (त्या वर्गातली खास शाखा) आहे. बाकीचे उपवर्ग आणि बिहोल्डरसारखे ओळखीचे राक्षस हवे असतील, तर वेगळा परवाना घ्यावा लागतो किंवा स्वतःचे रचावे लागतात.