दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानमार्ग : अंतर व प्रवासकाल

दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ व कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांना जोडणारा विनाथांबा हवाई मार्ग. एअर इंडियाने ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली.

दोन विमानतळांमधील पृथ्वीपृष्ठावरचे लघुतम अंतर, म्हणजे बृहद्वृत्ताच्या कंसाची लांबी, सुमारे १२,४०० किमी. (सु. ६,७०० सागरी मैल) भरते. पृथ्वी गोल मानली की विवृत्ताभ (ध्रुवांकडे किंचित चपटी), यामुळे या आकड्यात पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. हा कंस दिल्लीहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो आणि तिबेट, सायबीरिया व आर्क्टिक महासागर ओलांडून अलास्कामार्गे खाली उतरतो. त्याचा उत्तरतम बिंदू ७५° अक्षांशाच्या किंचित पलीकडे येतो. प्रत्यक्षात विमाने या रेषेवरून क्वचितच जातात. तिबेटच्या पठारावर इंजिन बंद पडल्यास वा केबिनमधील दाब गेल्यास सुरक्षित उंचीपर्यंत खाली येण्यास वाव नसतो, हे त्याचे एक प्रमुख कारण.

प्रारंभीचा मार्ग अटलांटिकवरून होता : सु. १३,९०० किमी. व साडेसोळा तासांच्या आसपास. ऑक्टोबर २०१६ मध्ये बोइंग ७७७-२००एलआर विमान चीन, जपान व पॅसिफिकवरून नेण्यात आले. तत्कालीन वृत्तांनुसार अंतर १५,३०० किमी. झाले, पण वेळ साडेचौदा तासांवर आला. म्हणजे भूसापेक्ष सरासरी वेग ताशी सु. १,०५५ किमी. पडतो. असा वेग जोरदार पाठवाऱ्याशिवाय संभवत नाही.

या बचतीचे श्रेय काही वृत्तांत थेट पृथ्वीच्या परिवलनाला दिले गेले. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने हे स्पष्टीकरण त्या स्वरूपात टिकत नाही. मध्य अक्षांशांत सु. ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हेच कारण अधिक ग्राह्य वाटते. परिवलनाचा संबंध येतो तो कोरिऑलिस प्रेरणेद्वारे (परिवलनामुळे वाहत्या हवेला बाजूस वळविणारी भासमान प्रेरणा), या वाऱ्यांना दिशा देण्यापुरता. हिवाळ्यात हा प्रवाह प्रबळ असतो. त्यामुळे प्रवासकाल ऋतूनुसार बदलतो आणि वेळापत्रकातील वेळ सरासरीच समजावी. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळही धरलेला असतो.

दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळांत हिवाळ्यात साडेतेरा, तर अमेरिकेत उन्हाळी वेळ (घड्याळे एक तास पुढे; ऑक्टोबरातही हीच) लागू असताना साडेबारा तासांचे अंतर असते. त्यामुळे ऑक्टोबरात पहाटे ४ ला दिल्ली सोडणारे विमान साडेचौदा तासांनी त्याच तारखेस सकाळी ६ ला पोहोचते.

फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले. एअर इंडियाला ते खुले राहिले. जून २०२३ मध्ये या मार्गावरील एक विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले होते. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोसाठी थेट सेवा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली.