निळ्या ठिपक्यांपासून बोटावरच्या दारूपर्यंत

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या गल्लीत वरातीचा बँड वाजायला लागला की आमच्या घरातल्या मोठ्या बायका अजूनही पोरांना गच्चीवरून खाली बोलावतात. ग्वाल्हेर-चंबळच्या या टापूत लग्नात हवेत बार काढणं मानाचं समजतात. 2019 च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यात अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण गच्चीवरचं एखादं मूल गोळी लागून पडलं, तर त्या गर्दीत चाप कुणी ओढला हे ठरवायचं कसं?

1933 मध्ये मेक्सिकोच्या पोलीस प्रयोगशाळेतल्या तेओदोरो गोन्झालेस यांनी अमेरिकेत एक चाचणी दाखवली. संशयिताच्या हातावर गरम मेणाचे थर द्यायचे, साचा थंड झाला की सोलून काढायचा आणि आतल्या बाजूवर सल्फ्युरिक आम्लातलं डायफिनिलअमाईन टाकायचं. निळे ठिपके उमटले, की हातावर उडालेलं बंदुकीच्या दारूतलं नायट्रेट सापडलं असं धरत. पण खत हाताळणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि तंबाखू मळणाऱ्याच्या हातावरही तेच ठिपके उमटत. त्या निळ्या रंगापायी निरपराध माणसांवर संशय आला असेल, या विचारानं आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मग लक्ष धातूंकडे वळलं. काडतुसाच्या टोपीतलं शिसं, बेरियम आणि अँटिमनी रंगांनी ओळखायची पद्धत 1959 मध्ये हॅरिसन आणि गिलरॉय यांनी मांडली. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि हे तिन्ही धातू एकत्र असलेला, वितळून गोल झालेला एकेक कण दिसू लागला. ही पद्धत आजही मुख्य आहे. तरी फटाक्यांतून आणि गाड्यांच्या ब्रेकमधून अशाच कणांशी गल्लत होण्याजोगे कण येतात, आणि बिनशिशाच्या काडतुसांत तर हे त्रिकूटच नसतं.

म्हणून संशोधक पुन्हा दारूकडे आले. 1884 मध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू बनवली. तिच्यातलं नायट्रोसेल्युलोज पडल्या पडल्या कुजतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं. ते शोषून घ्यायला अशा दारूत डायफिनिलअमाईन किंवा एथिल सेंट्रलाइट हे स्थिरक मिसळू लागले. ज्या डायफिनिलअमाईननं पूर्वी ठिपके निळे केले, तेच आता हातावर शोधतात! ऑक्साइड शोषताना त्याची नायट्रोसो आणि नायट्रो रूपं तयार होतात. ती सोबत सापडली तर पुरावा भक्कम होतो, कारण नुसतं डायफिनिलअमाईन सफरचंदं टिकवायलाही वापरलेलं आहे. एथिल सेंट्रलाइट मात्र रोजच्या वापरात फारसं आढळत नाही. द्रावकात भिजवलेल्या बोळ्यानं हात पुसून घेतात आणि द्रव वर्णलेखनाला (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीला) जोडलेल्या वस्तुमान वर्णपटमापकावर (वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर) हे रेणू नॅनोग्रॅमच्या मापात ओळखतात.

आमच्या भागात एक अडचण वेगळी आहे. भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीत कोळसा, गंधक आणि सोऱ्याची काळी दारू ठासतात, तिच्यात हे स्थिरक नसतातच. शिवाय शेजारी उभ्या असलेल्याच्या हातावरही अवशेष उडतात, त्यामुळे नुसत्या अहवालावरून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

आणि वरातीतला माणूस पंगतीला बसण्याआधी हात धुतोच. नमुना त्याच्या आधी घ्यावा लागतो. तोवर हातांवर कागदी पिशव्या बांधायच्या, प्लास्टिकच्या नव्हे, कारण प्लास्टिकमध्ये घाम साचतो आणि बोटांवरचं सगळं त्यात वाहून जातं.