जास्म आणि रॅपिडस: दोन्हीकडे सोनी-टोयोटा, पण मालक वेगळे

टीएसएमसी म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी चिप बनवून देणारी तैवानची कंपनी, त्याहून जास्त सांगत बसत नाही. पण जपानमधल्या कुमामोतोच्या चिप कारखान्याची बातमी आली की 'जपानची स्वतःची फौंड्री (म्हणजे दुसऱ्यांसाठी चिप बनवणारी कंपनी) सुरू झाली' असं लिहिणारे दिसतात आणि खरंच डोकं उठतं. कुमामोतोतली ती जास्म, टीएसएमसीने तिथे काढलेली कंपनी. जपानची स्वतःची म्हणायची तर ती रॅपिडस, ती पार वर होक्काइदोत, चितोसेला. नॅनोमीटरचा (आकडा जितका लहान तितकं चिपचं तंत्रज्ञान पुढचं) फरक सोपाय, जास्मच्या पहिल्या फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, २८/२२ आणि १६/१२, रॅपिडस थेट २ च्या मागे लागलीय, टार्गेट २०२७.

लोक अडतात ते मालकीपाशी, आणि अडणारच, कारण सोनी, डेन्सो (गाड्यांचे सुटे भाग बनवणारी), टोयोटा ही तिन्ही नावं दोन्हीकडे आहेत. पण जास्ममध्ये कुणाचे किती टक्के ते एकदा बघा ना, टीएसएमसी साधारण ८६.५, सोनी ६, डेन्सो ५.५, टोयोटा २. म्हणजे तिघांचे मिळून साडेतेरा, मग मालक कोण ते उघड आहे. सोनीला तिच्या कॅमेरा सेन्सरसाठी लॉजिक चिप (माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या) लागतात आणि तिचा सेन्सरचा कारखाना तिथेच किकुयोत आहे, म्हणून ती आत आली, गिऱ्हाईक म्हणून आधी आणि भागीदार म्हणून नंतर. रॅपिडसमध्ये टीएसएमसी नाहीच. २०२२ मध्ये ८ जपानी कंपन्यांनी पैसे घातले, सात जणांनी १००-१०० कोटी येन आणि एमयूएफजी बँकेने ३० कोटी. तंत्रज्ञान आयबीएमकडून घेतलं म्हणून ती अमेरिकन, असंही ऐकलंय मी, पण तेवढ्याने ती अमेरिकन होत नाही.

आणि कृपा करून अनुदानाला मालकी म्हणू नका. जास्मच्या पहिल्या फॅबला जपान सरकारने ४७,६०० कोटी येनपर्यंत मदत मंजूर केली, एवढा आकडा बघून लोकांना वाटतं सरकारच मालक. पण अनुदान म्हणजे शेअर नव्हे, बदल्यात अट काय तर निदान १० वर्षं प्रॉडक्शन चालू ठेवायचं. त्यामुळे मी तरी जास्मला 'टीएसएमसीची जपानमधली उपकंपनी' असंच लिहितो. रॅपिडसलाही सुरुवातीची सरकारी मदत शेअर न घेताच मिळाली, सरकारला तिचे शेअर घेता यावेत म्हणून २०२५ मध्ये कायदाच बदलावा लागला.