गॅस शेगडी : सुरक्षित वापर व निगा

टाकीतून किंवा वाहिनीतून येणारा ज्वलनशील वायू हवेत मिसळून जाळणारे व त्या आचेवर अन्न शिजविण्यासाठी वापरले जाणारे घरगुती उपकरण म्हणजे गॅस शेगडी होय. बटन फिरविताच वायू जेटच्या बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडतो, त्या वेगाने भोवतालची काही हवा मिश्रणनळीत ओढली जाते, हे मिश्रण बर्नरच्या तोंडाशी जळते आणि ज्वलनास कमी पडणारी हवा ज्योतीला बाहेरून मिळते. १८५५ च्या सुमारास रोबर्ट बुन्सेन यांनी प्रयोगशाळेत रूढ केलेल्या ज्वालकाचे तत्त्व हेच आहे.

शेगडीची प्रकृती ज्योतीवरून ओळखता येते. निळी, स्थिर व फारसा आवाज न करणारी ज्योत पूर्ण ज्वलनाची निदर्शक असते. ज्योत सतत पिवळी राहून भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर हवा अपुरी पडत आहे असे समजावे. अशा अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व विषारी वायू तयार होतो, आणि म्हणूनच काजळीकडे केवळ भांडी घासण्याची कटकट म्हणून पाहणे चुकीचे आहे. मिठाचे पाणी उतू जाऊन ज्योत क्षणभर नारिंगी होते, तो मात्र सोडियमचा परिणाम असून दोष नव्हे.

प्रोपेन व ब्युटेन यांचा बनलेला द्रवीकृत पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, तर मुख्यतः मिथेन असलेला नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. दोन्ही मुळात जवळजवळ गंधहीन असल्यामुळे त्यांत मर्कॅप्टनासारखे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. हवेत पहिल्याचे सुमारे २ टक्के व मिथेनाचे सुमारे ५ टक्के प्रमाण झाले, तरी मिश्रण पेट घेऊ शकते. वास येताच मुख्य झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर पडून मगच दूरध्वनी करावा. विजेचे बटन चालू करू नये हे बहुतेकांना ठाऊक असते. पण चालू असलेले बटन बंद करतानाही ठिणगी पडते, हे सहसा ध्यानात राहत नाही. सांध्यातील बारीक गळती साबणाच्या पाण्याला येणाऱ्या बुडबुड्यांवरून शोधावी, काडी पेटवून कदापि नव्हे.

निगा राखण्याचे बहुतेक काम बर्नरपाशीच असते. शेगडी थंड झाल्यावर बर्नरची झाकणी काढून कोमट साबणपाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि खाचेत नीट बसवावी. ती तिरकी बसली तर ज्योत एका बाजूला झुकते. जेटच्या छिद्रात सुई किंवा तार घालू नये, कारण छिद्र किंचित रुंदावले तरी वायू व हवा यांचे प्रमाण बिघडते. दोन्ही वायूंसाठी जेटची मापे वेगळी असतात, त्यामुळे वायू बदलताना प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून जेटही बदलून घ्यावे लागतात. रबरी नळी तापलेल्या भागाजवळून नेऊ नये आणि चिरा पडण्याची वाट न पाहता तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदलावी.

उतू गेलेल्या पदार्थाने ज्योत विझली, तरी वायू वाहतच राहतो. काही शेगड्यांत ज्योतीलगत तपयुग्म (तापल्यावर अल्प विद्युत्‌दाब निर्माण करणारी दोन धातूंची जोडी) बसविलेले असते. ते थंड होताच त्यातील विद्युत्‌दाब संपून झडप आपोआप मिटते. अशा शेगडीचे बटन पेटविताना काही सेकंद दाबून धरावे लागते, आणि तपयुग्माच्या टोकावर चिकटलेली घाण पुसली नाही तर हात काढताच ज्योत विझते.