नाण्यावरचा तो चेहरा सिकंदराचा नाही

सिंहाचं कातडं डोक्यावरून ओढलेला तरुण, गालाशी सिंहाचा जबडा, गळ्यापाशी पंजांची गाठ. मॅसिडोनियाच्या, म्हणजे सिकंदराच्या राज्याच्या, चांदीच्या नाण्याचा हा फोटो ‘हाच खरा सिकंदर’ म्हणून वर्षानुवर्षं फिरतोय. पण हा आहे हेराक्लीस, नेमियाचा सिंह मारून त्याचंच कातडं पांघरणारा ग्रीक वीर. मॅसिडोनियाचे राजे स्वतःला त्याचे वंशज म्हणवत. सिकंदराचा आजोबा तिसरा अमिंटास याच्या नाण्यांवरही हेच कातडं पांघरलेला हेराक्लीस आहे, आणि तेव्हा सिकंदर जन्मलाही नव्हता!

गोंधळ होतो मागच्या बाजूमुळे. तिथे आसनावर बसलेला ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस, त्याच्या हातावर गरुड आणि शेजारी ग्रीक अक्षरांत सिकंदराचं नाव. ते नाव नाणं कोणाचं हे सांगतं, चेहरा कोणाचा हे नव्हे. कारागिरांनी हेराक्लीसच्या चेहऱ्यात राजाची छटा आणली असावी, असं काही अभ्यासक मानतात; तरी तो देवपुत्र हेराक्लीसच.

सिकंदराची ठसठशीत छबी आली ती इ.स.पू. ३२३ मध्ये तो गेल्यावर. त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतलं; त्यांपैकी इजिप्तमध्ये टॉलेमीने नाण्यांवर त्याला हत्तीच्या मस्तकाचं कातडं चढवलं, तर ग्रीसच्या ईशान्येकडच्या थ्रेसच्या लायसिमॅकसने कानाभोवती इजिप्तच्या आमोन देवाचं मेंढ्याचं वळलेलं शिंग दिलं. सिकंदर बघायचा तर ही नाणी बघावीत.